डाग नसलेला सूर्य आणि मलकापूरची गच्ची

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कृष्णा आणि कोयना, दोन्ही नद्या पात्राबाहेर होत्या. सांगलीत आणि कोल्हापुरात पाणी घरांत शिरलं होतं. आमच्या मलकापूरवरून जाणारा पुणे-बंगळूरु महामार्ग पुढे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता आणि वाहनं ठिकठिकाणी अडकून पडली होती. त्या दिवसांत मी आणि कोल्हापूरचा माझा एक मित्र रोज ठरलेल्या वेळी रेडिओवर भेटत होतो. दोघांकडेही हौशी रेडिओचा परवाना. दुपारी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर त्याचा आवाज समोर बसून बोलावं इतका स्वच्छ यायचा.

एका रात्री नऊ वाजता मी त्याला हाका मारल्या. उत्तर नाही. यंत्र तपासलं, टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो, तार पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. त्याच पट्ट्यावर जरा बाजूला इंडोनेशियातली माणसं मात्र खणखणीत आवाजात गप्पा मारत होती. सत्तर किलोमीटरवरचा मित्र हरवला होता आणि साडेचार हजार किलोमीटरवरचे अनोळखी लोक कानाशी येऊन बसले होते.

त्या रात्री मला वाटलं, मित्राच्या बॅटरीनं मान टाकली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा नेहमीसारखा भेटला आणि म्हणाला, "मीही तुला तासभर हाका मारत होतो." तेव्हा उलगडा झाला. दोष ना त्याच्या यंत्रात होता, ना माझ्या. दोष द्यायचाच तर तो पंधरा कोटी किलोमीटरवर होता. २०१९ या वर्षात २७० हून अधिक दिवस सूर्यावर एकही डाग दिसला नव्हता.

सूर्यावर डाग नसणं आणि कोल्हापूरचा आवाज मलकापुरात न पोचणं यांचा संबंध काय, हे या लेखात सांगायचं आहे. सूर्य शांत असला की लांबचं बोलणं संपतं, अशी समजूत हौशी मंडळींतही सर्रास आढळते. ती अर्धीच खरी आहे. शांत सूर्याच्या वर्षांत वाट बंद होत नाही, ती जागा बदलते. कुठे सरकते हे ज्याला ठाऊक असतं तो बोलत राहतो.

आकाशातली नदी

हौशी रेडिओ, म्हणजे रोजच्या भाषेत 'हॅम', हा परवाना घेऊन करायचा छंद आहे. दूरसंचार विभागाच्या परीक्षेत विद्युतशास्त्राची प्राथमिक माहिती आणि संदेशवहनाचे नियम विचारतात. उत्तीर्ण झालं आणि परवाना मिळाला की स्वतःची खूण, म्हणजे कॉलसाइन, हाती येते. भारतीय कॉलसाइनची सुरुवात 'व्हीयू' या अक्षरांनी होते. या पट्ट्यांवर जाहिरात, व्यापार, गाणी चालत नाहीत. माणसानं माणसाशी बोलावं आणि यंत्र समजून घ्यावं एवढाच हेतू. पट्ट्यांची नावं तरंगलांबीवरून पडली आहेत. दहा मीटर म्हणजे २८ मेगाहर्ट्झ, पंधरा मीटर म्हणजे २१, वीस मीटर म्हणजे १४, चाळीस मीटर म्हणजे ७, ऐंशी मीटर म्हणजे साडेतीन आणि एकशेसाठ मीटर म्हणजे १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास. मीटर वाढले की वारंवारता उतरते, हे एकदा लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

रेडिओलहर सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. मग मलकापूरचा आवाज जपानला पोचतो कसा? जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या भागाला आयनांबर म्हणतात. त्यात थर आहेत. सर्वांत खालचा 'डी' थर फक्त उजेडी टिकतो आणि लहर परत पाठवण्याऐवजी गिळतो. लांबच्या बोलण्याचा मुख्य आधार आहे तो 'एफ' थर, २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा. तो रात्रीही पूर्ण विरत नाही. त्याच्यावरून वळलेली लहर एका झेपेत चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, जमिनीवर आपटून पुन्हा वर जाते आणि अशा झेपा घेत पृथ्वीला वळसाही घालते.

कराडच्या प्रीतिसंगमावर लहानपणी ज्यानं खडे फेकले असतील त्याला पुढचा नियम लगेच कळेल. चपटा खडा तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेत जातो. तोच उभा टाकला तर डुबकन बुडतो. आयनांबराचंही तसंच आहे. सरळ वर सोडलेली लहर एका मर्यादित वारंवारतेपर्यंतच खाली परतते, त्याहून वरची लहर थर भेदून अवकाशात निघून जाते. या मर्यादेला क्रांतिक वारंवारता म्हणतात. पण लहर तिरकी सोडली तर तोच थर क्रांतिक वारंवारतेच्या सुमारे तिप्पट वारंवारतासुद्धा वळवू शकतो.

माझ्या त्या रात्रीचं गणित आता मांडता येईल. एफ थर ३०० किलोमीटर उंचीवर धरला, तर मलकापूरहून कोल्हापूरला जाणारी लहर जवळजवळ उभीच वर जाते आणि उभीच खाली येते. रात्री नऊला क्रांतिक वारंवारता ७ मेगाहर्ट्झच्या खाली उतरली होती. माझी ७ मेगाहर्ट्झची उभी लहर थर भेदून गेली. इंडोनेशियाची लहर तिरकी येत होती, तिला तोच थर पुरेसा होता. जवळचं जमिनीवरून पोचत नाही आणि आकाशातून उतरत नाही, अशा या मधल्या मुक्या पट्टीला हॅम मंडळी 'स्किप झोन' म्हणतात. शांत सूर्याच्या वर्षांत ती रात्री पसरते. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सगळी गावं तिच्यात बुडू शकतात.

अकरा वर्षांची भरती-ओहोटी

सूर्यावरच्या डागांची संख्या साधारण अकरा वर्षांत वाढते आणि उतरते. डाग म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या जागा. ते जास्त असतात तेव्हा सूर्य अतिनील आणि क्ष-किरण जास्त सोडतो. गंमत अशी, की सूर्याच्या एकूण तेजात या चक्रामुळे जेमतेम एक हजारांश इतकाच फरक पडतो. आपल्या उन्हाला आणि उसाला ते कळतही नाही. पण इलेक्ट्रॉन सुटे करणाऱ्या त्या अदृश्य किरणांत दुपटीहून जास्त चढउतार होतो आणि तो आयनांबराला कळतो.

डाग मोजण्याची आपल्याकडेही जुनी परंपरा आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जात आहेत. डागांखेरीज आणखी एक आकडा हौशी मंडळी रोज पाहतात. सूर्याकडून येणाऱ्या १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ ऊर्जेचा हा आकडा कॅनडात १९४७ पासून मोजला जातो. सूर्य शांत असताना तो सत्तरच्या आसपास रेंगाळतो, जोरात असताना दोनशेच्या वर जातो.

क्रांतिक वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. घनता चौथ्या हिश्श्यावर आली तर वारंवारता निम्मी होते. आपल्या अक्षांशावर सूर्य जोरात असताना दुपारी ती बारा-तेरा मेगाहर्ट्झवर जाऊ शकते, शांत काळात सात-आठच्या घरात राहते. पहाटे सूर्योदयाआधी तर दोन-तीन मेगाहर्ट्झच उरतात. याला तीननं गुणा. दुपारी तिरक्या लहरीसाठी वीस-चोवीस, पहाटे सहा-नऊ. म्हणजे २८ मेगाहर्ट्झचा दहा मीटरचा पट्टा दिवसचे दिवस मुका राहतो, २१ मेगाहर्ट्झ अधूनमधून उघडतो, १४ मेगाहर्ट्झ दिवसा चालतो आणि अंधार पडल्यावर सगळा कारभार ७ आणि त्याखाली येतो.

इथं मलकापूरचं एक भाग्य सांगायला हवं. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. तिथं दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला व दक्षिणेला साचतात. उत्तरेकडचा हा ढीग मध्य भारतावर, गुजरात-माळव्याच्या अक्षांशाला पडतो. सूर्य शांत झाला की तो खुजा होतो आणि विषुववृत्ताकडे, म्हणजे आपल्याकडे सरकतो. त्यामुळे युरोपातला हौशी माणूस डागांविना हताश बसलेला असताना आपल्या डोक्यावर तुलनेनं दाट छप्पर असतं. हा विषय काही परका नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे आणि तिथल्या रडारनं ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आहे.

वाट सापडली तीच शांत सूर्यात

रेडिओचा इतिहास सौरचक्राशेजारी ठेवून पाहिला की एक मौज दिसते. मार्कोनीनं अटलांटिकपलीकडून मोर्सचे तीन टिंब ऐकल्याचं जाहीर केलं ते १२ डिसेंबर १९०१ चं. सूर्य तेव्हा अगदी तळाशी होता. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानं हौशी लोकांना दोनशे मीटर आणि त्याहून लहान लहरींवर ढकललं, कारण त्या लहरी निरुपयोगी मानल्या जात. त्याच टाकाऊ लहरींवर नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या लेओन देलुआनं अमेरिकेतल्या फ्रेड श्नेलशी अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केलं. हौशी माणसांनी महासागर ओलांडून बोलण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सौरचक्राचा तळ होता.

पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतला अठरा वर्षांचा सेसिल गॉयडर न्यूझीलंडमधल्या मेंढपाळीच्या मळ्यावर बसलेल्या फ्रँक बेलशी मोर्समध्ये बोलला. अंतर सुमारे एकोणीस हजार किलोमीटर, लहर शंभर मीटरच्या आसपास, आणि सूर्य अजून पुरता जागा झालेला नव्हता. हाच गॉयडर १९३६ मध्ये आकाशवाणीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला. या अफाट देशात थोड्या केंद्रांनी दूरवर पोचायचं तर लघुलहरींना पर्याय नाही, हे त्याच्या पोरवयातल्या रात्रींनी त्याला शिकवलेलं होतं. मुंबई केंद्राची लघुलहर १९३८ मध्ये सुरू झाली ती त्याच्याच कारकिर्दीत.

आणखी एक उदाहरण आपल्या अभिमानाचं. १९४२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत 'काँग्रेस रेडिओ' चालवला. जागा बदलत बदलत प्रक्षेपण होई. अखेर १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेख वाडीत पोलिसांनी त्यांना पकडलं. त्यांची घोषित लहर होती ४२.३४ मीटर. तीनशेला ४२.३४ नं भागा, उत्तर येतं ७.०८५ मेगाहर्ट्झ. आजच्या भारतीय हॅमच्या चाळीस मीटर पट्ट्याच्या अगदी आतली ही जागा. सौरचक्राचं शिखर १९३७ मध्ये होऊन गेलं होतं, तळ १९४४ मध्ये यायचा होता. उतरत्या सूर्यात, रात्रीच्या वेळी, देशभर पोचायला योग्य अशीच ती लहर होती. आकाशाच्या हिशेबानं ती रास्त होती एवढं आज सांगता येतं.

रात्रपाळीचे लोक

शांत सूर्याचे काही फायदेही आहेत. सौरज्वाला कमी, म्हणून भरदुपारी अचानक सगळे पट्टे मुके होण्याचे प्रसंग विरळ. चुंबकीय वादळं कमी, म्हणून ध्रुवाजवळून जाणाऱ्या वाटा स्थिर. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल आभा दिसली आणि आपण सगळे हरखलो. त्याच वादळात ध्रुवाकडचे रेडिओमार्ग मोडून पडले. मलकापूरहून कॅलिफोर्नियाला जाणारी जवळची वाट उत्तर ध्रुवाशेजारून जाते. कराड-मलकापूरच्या कित्येक घरांतली मुलं तिकडे आहेत. त्यांच्या गावी एखादा हॅम गाठायचा असेल तर वादळी सूर्यापेक्षा शांत सूर्याची रात्र पुष्कळदा बरी.

चाळीस, ऐंशी आणि एकशेसाठ मीटरच्या पट्ट्यांवर मुख्य शत्रू असतो तो गिळणारा 'डी' थर. सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून या पट्ट्यांवरची माणसं रात्रपाळी करतात. त्यातही सोन्याची वेळ म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आगेमागे अर्धा तास. उजेड आणि अंधार यांची सीमारेषा पृथ्वीभोवती फिरत असते. त्या रेषेवर डी थर नसतो आणि एफ थर अजून शाबूत असतो. सह्याद्रीमागे सूर्य बुडत असताना त्याच रेषेवरच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी उजाडत असतं. ती दोन टोकं तेवढ्या अर्ध्या तासापुरती शेजारी होतात.

दुसरा शत्रू गोंगाट. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत विजांचा कडकडाट या खालच्या पट्ट्यांत भरून राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री लांब आणि आकाश स्वच्छ, म्हणून खरा हंगाम दिवाळीनंतरच. माणसाच्या गोंगाटाला मात्र हंगाम नाही. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौर पंपांचे नियंत्रक, तारांवरच्या ठिणग्या, सगळे मिळून कानात किरकिरतात. ही तक्रार नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं काम १९०४ पासून अलिबागला हलवावं लागलं. आपल्याला अलिबागला जाता येत नाही. पण रात्री अकरानंतर घरातला एकेक दिवा बंद करून कोणता किरकिरतो ते शोधता येतं. माझ्या घरात तो देवघरातला निघाला.

आवाज अगदीच दुबळा असेल तर मोर्स आजही बोलण्यापेक्षा दूर जातो. त्याच्याही पुढे संगणक गेला. जोसेफ टेलर या खगोलशास्त्रज्ञाला स्पंदक ताऱ्यांवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळालं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणी ज्या क्षीण स्पंदनांच्या मागावर असतात, तीच विद्या. टेलर स्वतः हॅम. गोंगाटात गाडलेला संकेत उकरून काढण्याचं कसब त्यांनी हौशी मंडळींच्या हाती दिलं. २००८ मध्ये 'विस्पर' आणि २०१७ मध्ये सहकारी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह 'एफटी-८'. दोन्ही वर्षं सूर्य मंदावलेला असतानाची. एफटी-८ मध्ये पंधरा-पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या पाळ्या असतात. नेहमीच्या बोलण्याइतक्या रुंद पट्ट्यातल्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका संकेतही संगणक वाचतो. कान तो ऐकूच शकत नाही. यात गप्पा होत नाहीत, फक्त खूण आणि संकेताची ताकद यांची देवाणघेवाण. पण कोणत्या वेळी कोणती वाट उघडी आहे हे यासारखं दुसरं काही सांगत नाही.

जवळच्या माणसासाठी

आता पुन्हा पुराकडे. आपला भाग नद्यांचा आहे आणि भूकंपाचाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का जुन्या माणसांच्या अंगात अजून आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तर सगळ्यांनी पाहिले. मोबाइलचे मनोरे वीज गेल्यावर काही तासच टिकतात. अशा वेळी हौशी रेडिओ काय करू शकतो हे २६ डिसेंबर २००४ ला दिसलं. भारती प्रसाद यांचं हॅम पथक तेव्हा छंदाच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होतं. त्सुनामी आली, इतर संपर्क तुटले आणि लांबच्या गप्पांसाठी नेलेली तीच यंत्रं अंदमानची खबर मुख्य भूमीला देऊ लागली.

पण सत्तर किलोमीटरवर बोलायचं असेल तर 'लांबवर पोचतो' ही बढाई कामाची नाही. हातातले छोटे संच डोंगराआड जात नाहीत. आगाशिवाच्या डोंगरापलीकडे मुकेपणा सुरू होतो. तिथं आकाशाकडे सरळ वर लहर सोडून ती छत्रीसारखी आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरवर उतरवायची युक्ती लागते. त्यासाठी उंच मनोरा नको. उलट तार मुद्दाम खाली, घराच्या उंचीला बांधायची. चाळीस मीटरसाठी वीस मीटर तार, ऐंशीसाठी चाळीस मीटर. आणि वारंवारता क्रांतिक मर्यादेच्या खाली हवीच.

सौरचक्राचं शिखर २०२४ च्या ऑक्टोबरात होऊन गेलं. गेल्या दोन-तीन वर्षांत परवाना घेतलेल्या पोरांनी दहा मीटरवर थोड्या वॅटमध्ये जग पाहिलं आहे. त्यांना तेच आकाश कायमचं वाटतं. पुढचा तळ २०३० च्या आसपास अपेक्षित आहे. तोवर येणाऱ्या प्रत्येक पावसाळ्यात रात्रीचा चाळीस मीटर थोडा थोडा निकामी होत जाईल, तोही नेमका जवळच्या गावासाठी. आपत्तीच्या तयारीच्या कागदावर एकच वारंवारता लिहिली असेल, तर ती दुपारच्या तालमीत उत्तम चालेल आणि रात्री दगा देईल. म्हणून दोन लिहायच्या, दिवसाची आणि रात्रीची, आणि कोणत्या वेळेला बदलायची तेही लिहायचं. ऐंशी मीटरची तार पूर आल्यावर बांधता येत नाही, ती उन्हाळ्यातच बांधून ठेवायची.

आम्ही ती २०१९ मध्ये पुरातच बांधली. दुपारी मित्राशी बोलताना ठरलं, रात्री ऐंशी मीटरवर भेटायचं. त्याच्या गच्चीवर चाळीस मीटर जागा नव्हती. त्यानं तार पाण्याच्या टाकीला वळसा घालून शेजारच्यांच्या कठड्यापर्यंत नेली. मी माझ्याकडची एक बाजू नारळाला बांधली, दुसरी तशीच खाली सोडली. नऊ वाजता विजांच्या कडकडाटातून त्याचा आवाज आला, दबका, पण शब्द न् शब्द कळणारा. त्यानं पाणी किती पायऱ्या उतरलं ते सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याच्या बहिणीला कळवायला खाली कराडच्या रस्त्याला लागलो.